जॅझचा पहिला अल्बम म्हणून 'काइंड ऑफ ब्लू' नकोच!

मांडवीकाठ (पणजी)

भाचा सुट्टीत घरी आला होता. घरात नाट्यगीतं, भजनं, आजोबांची पेटी, त्यामुळे कान तयार आहे. म्हणाला, "मामा, जॅझमधले ऐकायलाच हवेत असे दहा अल्बम सांग." मी जगरहाटीप्रमाणे माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू'ची रेकॉर्ड काढली, पुसली, सुई ठेवली. पाचव्या मिनिटाला पोरगं मोबाइलमध्ये. "बरंय. हॉटेलात असतं तसं."

राग आला. पण खोटं काय बोलला तो? किनाऱ्यावरच्या कुठल्याही बऱ्यापैकी हॉटेलात शिरा, एसीच्या घरघरीखाली माइल्स डेव्हिसचं ट्रम्पेट चालूच असतं. लोणच्याच्या फोडीसारखं, ताटात आहे पण कोणी बघत नाही.

अल्बम थोर आहे, त्यावर वाद नाही. पण नवख्याला तो पहिला देणं चूक आहे. पहिला द्यावा 'एलिंग्टन ॲट न्यूपोर्ट', ड्यूक एलिंग्टनच्या बँडची न्यूपोर्ट जॅझ महोत्सवातली मैफल. ७ जुलै १९५६ची रात्र. एलिंग्टन ५७ वर्षांचा, त्याचा काळ सरला असं लोक बोलू लागलेले. पॉल गोन्साल्विस टेनर सॅक्सोफोन घेऊन पुढे येतो आणि बारा बारचा (बार म्हणजे चार ठोक्यांचा खंड) ब्लूज सलग २७ वेळा फिरवतो. विसाव्या फेरीपर्यंत लोक खुर्च्यांवर उभे. हे ऐकताना कोणी मोबाइल बघून दाखवावा.

माझ्या यादीत त्यानंतर मिंगसचा 'मिंगस आ अम', मग जॉन कोल्ट्रेनचा 'अ लव्ह सुप्रीम', मग बिल एव्हान्सचा न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबातला रविवार, एला फिट्झगेराल्ड आणि लुई आर्मस्ट्राँगचा 'एला अँड लुई', मंकचा 'ब्रिलियंट कॉर्नर्स'. 'काइंड ऑफ ब्लू' सातवा. मारा आता दगड.

कायदा-पलटा (डिचोली)

बाब, पहिला दगड माझा. आपल्याकडच्या कानाला 'काइंड ऑफ ब्लू'इतकं सोपं दार दुसरं नाही. त्यातलं पहिलंच 'सो व्हॉट' घ्या. पेटीवर सा पांढरी दोन (दुसरी पांढरी पट्टी) धरा आणि नुसत्या पांढऱ्या पट्ट्या दाबा, काफी रागाचेच स्वर. सोळा बार तिथे, मग आठ बार सगळं अर्ध्या स्वराने वर, सा काळी दोन, मग परत खाली आठ बार. झालं बत्तीस बारचं आवर्तन. कॉर्डांची धावपळ नाही. सुरुवातीला बास ओळ टाकतो आणि बाकीचे दोन ठोक्यांत ती झेलतात. बुवा ओळ टाकतो आणि मागचे झेलतात, त्यात नि यात फरक तो काय?

भाच्याला हे दाखवलंत का, की नुसती सुई ठेवून चहा करायला गेलात?

मांडवीकाठ

चहा करायला गेलो होतो. पण मुद्दा तो नाही.

सांजवात (मडगाव)

कायदा-पलटा, काफीचे स्वर म्हणजे काफी नव्हे. हे तुम्हाला मी सांगायला हवं? पकड नाही, वादी-संवादी नाही, ठरलेलं चलन नाही. 'सो व्हॉट'मध्ये राग शोधायला जाल तर तुम्हाला राग सापडेल आणि माइल्स हरवेल. तिथली गंमत वेगळीच आहे. तो काय वाजवत नाही ते ऐकायचं. दोन वाक्यांच्या मधली जागा. कोल्ट्रेन सॅक्सोफोनवर तीच जागा खच्चून भरतो आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा सॅक्सोफोनवाला कॅननबॉल ॲडर्ली पोट धरून हसल्यासारखा येतो. एकाच चौकटीत तीन स्वभाव. आपला म्हणून नको, परका म्हणूनच ऐका.

अर्थात पहिला कोणता, यावर मी मांडवीकाठांच्या बाजूने. शांत अल्बम पहिला देऊ नये. शांतता कळायला आधी गोंगाट ऐकलेला असावा लागतो.

पेटीवाला (फोंडा)

मी यात नवखाच, म्हणून लहान तोंडी मोठा घास. मुंबईच्या काकांनी जुन्या रेकॉर्डींचं खोकं दिलं, त्यात 'काइंड ऑफ ब्लू' निघाली. वरच्या कायदा-पलटांसारखंच मलाही वाटलं, की पेटीवर साथ करून बघू. सा पांढरी दोन. जुळेना! पांढरी दोनच्या वर, काळी दोनच्या खाली, मधेच कुठेतरी लोंबकळतंय. पेटी गेल्याच महिन्यात सुरात लावून आणलेली. टर्नटेबल जोरात फिरतंय समजून बेल्ट बदलला. तरी तेच. रात्री अकराला बायको म्हणाली, "एकतर ते बंद करा, नाहीतर पेटी बंद करा."

जगातला सगळ्यात थोर अल्बम बेसूर आहे, हे म्हणायला मला भीती वाटते. पण आहे.

मांडवीकाठ

पेटीवाले, तुमचा कान शंभर नंबरी आहे आणि बेल्ट हकनाक गेला! हा अल्बम दोन दिवसांत ध्वनिमुद्रित झाला, २ मार्च आणि २२ एप्रिल १९५९, न्यूयॉर्कला कोलंबियाच्या ३० व्या रस्त्यावरच्या स्टुडिओत. मार्चच्या दिवशी मूळ टेप घेणारं यंत्र किंचित हळू फिरत होतं. हळू घेतलेली टेप नेहमीच्या वेगाने वाजवली की सूर चढतो. त्या दिवशीचे तिन्ही तुकडे पहिल्या बाजूवर आहेत. लोकांनी तीसेक वर्षं ते तसेच चढे ऐकले. नव्वदच्या दशकातल्या आवृत्त्यांत वेग सुधारला. काकांची रेकॉर्ड त्याआधीची असणार. आता दुसरी बाजू लावून बघा.

तिसरा कप (म्हापसा)

मांडवीकाठ, दुसऱ्याच्या अल्बमची टेप हळू फिरली हे तुम्हाला बरं आठवतं. तुमच्या न्यूपोर्टचं सांगा की. १९५६ची ती रेकॉर्ड 'प्रत्यक्ष मैफल' म्हणून विकली, पण तिचा बराच भाग नंतर स्टुडिओत पुन्हा वाजवून वर टाळ्या चिकटवलेल्या आहेत. आणि तुमचा गोन्साल्विस त्या रात्री भलत्याच माइकसमोर उभा राहिला, व्हॉइस ऑफ अमेरिका रेडिओच्या. म्हणून रेकॉर्डवर त्याचा सॅक्सोफोन शेजारच्या खोलीतून आल्यासारखा येतो. नवख्याला पहिला अल्बम द्यायचा तो असा? दुसऱ्याच्या गावच्या लाउडस्पीकरसारखा ऐकू येणारा?

मांडवीकाठ

कबूल. म्हणून १९९९ची आवृत्ती घ्यावी. व्हॉइस ऑफ अमेरिकाची टेप सापडल्यावर दोन्ही टेपा जुळवून केलेली. त्यात तो समोर येऊन उभा राहतो. आणि एक सांगतो, लांबून आलेला लाउडस्पीकर ऐकतच मी जत्रेकडे धावायला शिकलो. त्याला नावं ठेवू नका.

हळदोणेकार

एवढी चर्चा झाली, एकही गोंयकार नाही यादीत! ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट आमच्या हळदोण्याचा. खरं नाव आंतोनियो शावियेर वाझ. मुंबईच्या ताजमध्ये वाजवायचा, लोक त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. गिटारवाला आमान्सियो डिसिल्वा घ्या. जन्म मुंबईचा पण घराणं गोव्याचं. १९६९मध्ये लंडनला सॅक्सोफोनवाल्या जो हॅरियटबरोबर 'हम दोनो' हा अल्बम केला. मराठी माणसं न्यूयॉर्कच्या स्टुडिओचा पत्ता पाठ करतात, हळदोण्याचा रस्ता माहीत नाही.

आणि तो गोन्साल्विस तर आडनावावरूनच आपला. सत्तावीस फेऱ्या गोंयकारच मारू शकतो!

तिसरा कप

नाही हो बाब. पॉल गोन्साल्विस अमेरिकेतला, आई-वडील आफ्रिकेजवळच्या काबो व्हर्द बेटांचे. पोर्तुगीज तिथेही होते म्हणून आडनाव सारखं. एवढ्यावर तो आपला, तर अर्धं ब्राझील आपलं.

दुसरं, यादीत गावकीचं वाण वाटायचं नसतं. 'हम दोनो' मी ऐकलाय, आवडतो. पण 'अ लव्ह सुप्रीम'च्या शेजारी तो बसेल का? छातीवर हात ठेवून सांगा. गोव्याच्या पोरांना चर्चच्या पॅरिश शाळेत सोल्फेज (स्वर वाचून गाणं) आणि व्हायोलिन शिकवलं, म्हणून मुंबईची बँडं आणि सिनेमाची वाद्यवृंदं त्यांनी भरली. त्याचा मोठा अभिमान मलाही आहे. पण तो इतिहासाचा मान. अल्बमची यादी वेगळी.

हळदोणेकार

छातीवर हात ठेवला. 'अ लव्ह सुप्रीम'च्या शेजारी नाही बसणार. पण तुमच्या एला-लुईच्या शेजारी खुर्ची ओढून आरामात बसेल. आमान्सियोची गिटार ऐका, तार ओढून मींड काढतो आणि लगेच जॅझचं वाक्य बोलतो, दोन्ही एका श्वासात. हॅरियट त्याच्या अंगावर धावून जात नाही, वाट बघतो. 'पूर्व-पश्चिम संगम' नावाखाली सतार एकीकडे आणि सॅक्सोफोन दुसरीकडे रेल्वेच्या दोन रुळांसारखे पळतात ना, तसं नाही हे. मी गाववाला म्हणून नाही बोलत. बरं, थोडं म्हणूनही बोलतो.

सांजवात

चिक चॉकलेटवरून एक आठवलं, आणि माझी खरी तक्रार तीच आहे. 'अल्बम'ची यादी केली की ज्यांच्या काळात अल्बमच नव्हते ते आपोआप बाद होतात. कोलंबियाने लांब चालणारी लाँग प्ले तबकडी १९४८मध्ये आणली. त्याआधी सगळं ७८च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) तबकडीवर, एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं. आर्मस्ट्राँगचं 'वेस्ट एंड ब्लूज' १९२८चं. सुरुवातीला तो एकटा ट्रम्पेटवर जी तान घेतो, पंधरा सेकंदाच्या आत, तिच्यावर लोकांनी आयुष्यं काढली. तो कुठल्या 'अल्बम'मध्ये बसवणार? मागाहून कोणीतरी गोळा करून बांधलेल्या संचात.

आपल्या केरीच्या गायिका केसरबाई केरकरांचंही तेच. तासभर राग मांडणारी बाई, तबकडीवर तीन मिनिटांत. आणि बघा, १९७७मध्ये व्हॉयेजर यानांवर जी सोनेरी तबकडी पाठवली तिच्यात केसरबाईंची भैरवी आहे, 'जात कहां हो', आणि आर्मस्ट्राँगच्या हॉट सेव्हन बँडचं 'मेलँकली ब्लूज'ही. दोघंही ७८वाले. सूर्यमालेबाहेर गेले, मांडवीकाठांच्या यादीत मात्र त्यांचं हे ७८चं काम नाही.

चिक चॉकलेटच्या जॅझच्या तबकड्याही तशाच, सुट्या. त्याला ऐकायचं तर लोक शेवटी सी. रामचंद्रांकडे जातात. 'अलबेला'त १९५१ साली तो पडद्यावर बँडसकट दिसतो.

मांडवीकाठ

ताई, हा मार वर्मी बसला. ७८वाला आर्मस्ट्राँग विसरलो नव्हतो, 'अल्बम' या शब्दाने खाल्ला.

कायदा-पलटा

मधेच एक. डेव्ह ब्रुबेकचा 'टाइम आउट' कोणाच्याच यादीत कसा नाही? तोही १९५९चाच. त्यातलं 'टेक फाइव्ह' माझ्या विद्यार्थ्यांना मी पहिल्या महिन्यात ऐकवतो. मात्र ते 'अर्धा झपताल' आहे असं कोणी सांगितलं तर मानू नका. झपताल दोन-तीन-दोन-तीन. 'टेक फाइव्ह' तीन-दोन. झपतालाच्या हिशेबाने टाळी द्याल तर हमखास चुकाल, माझी पोरं चुकतात. त्याच अल्बममधल्या 'ब्लू राँडो'तला नऊचा हिशेब त्याहून मजेचा, दोन-दोन-दोन-तीन. तबल्यावर बोल बसवून बघा, बोटं आपोआप हसतात.

तिसरा कप

'टाइम आउट' म्हणजे गणिताच्या मास्तरांचा जॅझ.

कायदा-पलटा

मास्तरच आहे मी. पुढे बोला.

वास्कोकर

'अ लव्ह सुप्रीम'वर कोणी बोलेल म्हणून वाट बघत होतो, सगळे नुसतं नाव घेऊन पुढे जातायत. ९ डिसेंबर १९६४, एका बैठकीत झालेलं काम, जेमतेम तेहतीस मिनिटं. पहिल्या भागात चार स्वरांचा एकच तुकडा कोल्ट्रेन बाराही पट्ट्यांतून फिरवतो आणि मग सॅक्सोफोन खाली ठेवून 'अ लव्ह सुप्रीम' हे शब्द तोंडाने म्हणत राहतो. आमच्याकडे दामोदराच्या सप्ताहात चोवीस तास भजन तुटू देत नाहीत. पहाटे तीनच्या पाळीला आवाज बसलेले असतात, चाल उरलेली नसते, नुसतं नाव उरतं. तो आवाज ज्याने ऐकलाय त्याला कोल्ट्रेन समजावून सांगायला नको.

शेवटचा भाग 'साम' (इंग्रजी psalm, म्हणजे स्तोत्र) ऐकताना कव्हर उघडून समोर धरा. आत त्याने लिहिलेली प्रार्थना छापली आहे. सॅक्सोफोन तीच अक्षरं उच्चारतो, शब्दाला शब्द. मला हे कळायला सात वर्षं लागली, कारण माझ्या प्रतीचं कव्हर पावसाळ्यात बुरशीने खाल्लं होतं. भाच्याला पहिला अल्बम हाच द्या.

सांजवात

नका देऊ. तीनच्या पाळीला थेट नेऊन बसवलंत तर पोर सप्ताहाला परत येणार नाही.

त्यापेक्षा मांडवीकाठांचा तो रविवार द्या. २५ जून १९६१, व्हिलेज व्हॅनगार्डचं तळघर. पियानोवर बिल एव्हान्स, ड्रम्सवर पॉल मोशियन, आणि बासवर स्कॉट लाफारो, जो अकरा दिवसांनी अपघातात गेला. मागे पेले किणकिणतात, कोणीतरी बाई हसते. माझ्या सासूबाईंनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विचारलं, "हे लोक जेवतायत की गाणं ऐकतायत?" मी म्हटलं, दोन्ही. त्या म्हणाल्या, "मग बरं चाललंय त्याचं," आणि भाजी निवडत पूर्ण बाजू ऐकली. हॉटेलातलं संगीत म्हणून ज्याने नाक मुरडलं त्या भाच्याला सांगा, हे खरोखरच हॉटेलातलं आहे.

पेटीवाला (फोंडा)

दुसरी बाजू लावली. 'ऑल ब्लूज'. सा पांढरी पाच धरला, खमाजचे स्वर, सहाचा झुलता ठेका, दादऱ्याच्या अंगाने. जुळली! अगदी चिकटून. बारा मिनिटं भात्यावरचा हात काढला नाही. बायको दारात येऊन उभी राहिली, काही बोलली नाही, मग म्हणाली, "हे कालचंच का?"

आता जुना बेल्ट कचऱ्यातून शोधतोय. नवीन जरा सैल बसलाय.