टोमॅटोच्या सॉसमध्ये साय फुटते, काय चुकते?

प्रश्न (रत्नागिरी): रविवारी मुलांच्या हट्टापायी मलईदार टोमॅटो पास्ता करायला घेतला. लसणीवर परतलेले टोमॅटो रटरटत असतानाच फ्रीजमधील घरची साय त्यात घातली आणि पाहता पाहता सॉसभर पांढऱ्या कण्या होऊन वर तेलाचा तवंग आला. असे का व्हावे?

उत्तर १ (मालवण): टोमॅटोतील आम्ल आणि उकळीची उष्णता एकत्र आली की दुधातील केसीन हे प्रथिन गोठते, पनीर करताना आपण हेच मुद्दाम घडवतो. टोमॅटो तेल सुटेपर्यंत आटवावेत, गॅस बंद करावा, वाटीतील क्रीममध्ये आधी दोन-तीन चमचे गरम सॉस कालवावा आणि मगच ते कढईत ओतावे. विकतचे २५ टक्के स्निग्धांशाचे क्रीम त्यातल्या त्यात निभावते. पास्ता उकडलेले वाटीभर पाणी मात्र ओतून देऊ नये, कारण त्यातील पिष्टामुळे सॉस एकजीव होऊन पास्त्याला धरून राहतो.

उत्तर २ (गुहागर): आमच्याकडे क्रीमऐवजी नारळाचे जाड दूध घालतात, पण तेही शेवटीच, कारण उकळले तर तेही फुटते. चव अर्थात आमटीकडे झुकते. इटालियन म्हणवून वाढू नये, इतकेच.

प्रश्नकर्ती: आज गॅस बंद करूनच क्रीम घातले. एकही कणी झाली नाही. नारळाचा प्रयोग सासूबाईंच्या देखरेखीखाली करीन.