मदत हवी आहे: दहा बाय बाराची खोली, लाकडी जमीन, उड्या न मारता दम लागेल असा व्यायाम

गॅलरीवाली

नमस्कार मंडळी,

व्यायामाचे जुने धागे चाळले, पण आमच्या घराला बसेल असं काही सापडेना, म्हणून नवा काढतेय.

वय ४४, उंची पाच फूट तीन इंच. नुकत्याच केलेल्या तपासणीत एचबीए१सी (रक्तातल्या साखरेची गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी) ६.२ आलं, बीपी १३६/८८. डॉक्टर म्हणाले, गोळी आत्ताच नको, रोज अर्धा तास घाम निघेल असं काहीतरी करा, तीन महिन्यांनी बघू.

आता घर सांगते. गिरगावातली जुनी चाळ, दुसरा मजला. बाहेरची खोली दहा बाय बारा, आत स्वयंपाकघर आणि मोरी. बाहेरच्या खोलीत सासूबाईंची कॉट, लोखंडी कपाट, टीव्ही आणि लेकाचं दहावीचं टेबल. कॉट आणि कपाटाच्या मधे सहा फूट बाय तीन फुटांची पट्टी उरते. रात्री तिथेच आमच्या गाद्या. अर्ध्या खोलीवर पोटमाळा आहे, त्याच्याखाली हात वर केले की बोटं फळीला लागतात. जरा पुढे सरकलं की डोक्यावर पंखा.

हेही चाललं असतं. खरी अडचण जमिनीची. वर लाद्या दिसतात, पण खाली लाकडी तुळया आहेत. व्हिडिओ लावून ते हात-पाय फाकवून उड्या मारायचं सुरू केलं, तर खालच्या काकूंच्या मांडणीवरची भांडी वाजायला लागली. काकू वर येऊन म्हणाल्या, "काय गं, लेझीम बसवतेयस का?" चांगल्या आहेत बिचाऱ्या, पण रोज कोण ऐकून घेईल.

"चौपाटी जवळ आहे, चालायला जा" हे कृपया लिहू नका. सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालंय, त्यांना एकटं ठेवता येत नाही. मी घरून पोळीभाजीचे डबे देते, म्हणजे सकाळभर ओट्याशी उभीच असते. त्याला डॉक्टर व्यायाम मानत नाहीत! डबे गेले की अकरा ते बारा मोकळी, आणि मग रात्री जेवणं उरकल्यावर.

तर:
१) दम लागेल पण आवाज होणार नाही असं काय करता येईल?
२) सहा बाय तीनमध्ये सूर्यनमस्कार बसतात का?
३) हजार रुपयांच्या आत घेण्यासारखं काही साधन आहे का? ठेवायला जागा नाही हे लक्षात घेऊन सांगा.

जोरबैठक

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी. आरामात बसतात. साष्टांग घालताना हात छातीशी असतात, त्यामुळे लागते ती जवळजवळ तुमच्या उंचीएवढी लांबी. रुंदीला दोन फूट पुरतात. अडचण फक्त हात वर नेताना. पंखा बंद करा आणि कोपरं वाकवून नमस्कार डोक्यापर्यंतच न्या, काही बिघडत नाही. पाय मागे उडी मारून न्यायचे नाहीत, एकेक न्यायचा. खालच्या काकूंना पत्ताही लागणार नाही.

सूर्यनमस्काराचा एवढा प्रचार केला तो औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी. संस्थानाच्या राजाने राजवाड्यात राहून चटईभर जागेतला व्यायाम निवडला, हे मला फार आवडतं.

चारने सुरुवात करा, दर आठवड्याला दोन-दोन वाढवा. सावकाश घातले तर ताकद लागते, भराभर घातले तर दम लागतो. दोन्ही करून बघा. आणि बैठका विसरू नका. तालमीत पहिलवान ढिगाने मारतात, आपल्याला दहाच्या दोन खेपा खूप.

विरारला_पळालेला

फोल्डिंग ट्रेडमिल घ्या की. सेकंडहँड स्वस्तात मिळतात.

गॅलरीवाली

@विरारला_पळालेला, ठेवू कुठे, सासूबाईंच्या मांडीवर? :-)

तुळईखालचा

मी तीस वर्षं अशाच चाळीत काढली आहेत, तीही खालच्या मजल्यावर, म्हणून काकूंच्या बाजूने दोन शब्द. गोधडी किंवा योगा मॅट टाकून फरक पडत नाही. मॅटने "टक" असा आवाज कमी होतो, पण भांडी वाजतात ती तुळई लवल्यामुळे, आणि तुळई मधोमध सर्वात जास्त लवते. जिथे ती भिंतीत शिरते तिथे जवळपास हलत नाही. तुमच्या तुळया कोणत्या दिशेने आहेत ते खालच्या घरात जाऊन छताकडे बघा, लगेच कळेल. मग त्यांची टोकं ज्या भिंतीत आहेत त्या भिंतीला लागून उभं राहायचं. पट्टी खोलीच्या मधोमध असेल तर कॉट आणि पट्टीची अदलाबदल करता येते का पाहा.

जिना चढ-उतार करा असं कुणीतरी सांगेलच. जुन्या जिन्याच्या पायऱ्या मधे झिजलेल्या असतात आणि कठडा हलतो. घाईत करू नका, पावसाळ्यात तर नाहीच.

मणका_सरळ_ठेवा

मी फिजिओथेरपिस्ट आहे. तपासल्याशिवाय इथून सल्ला देण्याला मर्यादा आहेत, त्यामुळे छातीत दडपण, चक्कर, गुडघ्याला सूज असं काही असेल तर हे सगळं बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना विचारा.

तुमचा एचबीए१सीचा आकडा मधुमेहाच्या अलीकडचा आहे (५.७ ते ६.४ हा तो पट्टा). या टप्प्यावर व्यायामाचा उपयोग चांगला होतो, कारण रक्तातली साखर ओढून घेणारं मोठं गिऱ्हाईक म्हणजे स्नायू, आणि शरीरातले सर्वात मोठे स्नायू मांड्या आणि नितंबांचे. त्यामुळे उड्यांचा हट्ट सोडा. पायांना काम द्या.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत मोठ्यांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम सांगितलाय. मध्यम म्हणजे किती? बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, इतपत दम.

तुमच्या पट्टीत मी हे बसवेन: गुडघे कमरेपर्यंत उचलत जागच्या जागी चालणं, पण पाऊल टेकवताना आधी चवडा, मग टाच, मांजरासारखं. मग खुर्चीवर टेकून लगेच उठणं, हात छातीशी बांधून. मग हवेत बुक्के मारणं, पाय जमिनीला चिकटलेले. मग ओट्यावर हात ठेवून तिरपे जोर. ४० सेकंद काम, २० सेकंद विश्रांती, चारही प्रकार झाले की एक फेरी. अशा पाच फेऱ्यांना वीस मिनिटं लागतात. सुरुवातीला दोनच करा. एकदाही उडी नाही, तरी घाम येतो.

बीपीसाठी एक वेगळी गोष्ट. भिंतीला पाठ टेकून खुर्चीवर बसल्यासारखं खाली सरकायचं आणि तसंच थांबायचं. २०२३ मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये अनेक चाचण्यांचा एकत्रित अभ्यास आला, त्यात अशा स्थिर व्यायामाने रक्तदाब उतरायला चांगली मदत होते असं दिसलं. साधारण पद्धत म्हणजे दोन-दोन मिनिटांच्या चार खेपा, मधे विश्रांती, आठवड्यातून तीनदा. तुम्हाला पहिल्या दिवशी ३० सेकंदही जड जातील, तेव्हा कमी वाकून सुरू करा. श्वास मात्र रोखायचा नाही. दात-ओठ खाऊन श्वास कोंडला की बीपी त्या क्षणी उलट चढतं. मोठ्याने आकडे मोजा, म्हणजे श्वास आपोआप चालू राहतो.

वेळेबद्दल: मेहनतीचं काम अकराला. रात्री जेवल्यावर बसल्याजागी टीव्ही न बघता दहा-पंधरा मिनिटं गॅलरीत येरझाऱ्या घाला. जेवणानंतर साखर चढते, तेव्हाच हालचाल झालेली बरी. खोलीचं दार उघडं ठेवलं की सासूबाईंचा आवाज ऐकू येईल.

गॅलरीवाली

बाप रे, एवढं सविस्तर! मनापासून आभार.

@तुळईखालचा, खाली जाऊन छत बघून आले. तुळया कपाटाच्या भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत जातात, आणि पट्टी बरोबर मधोमध. कपाट हलवणं शक्य नाही, पण रविवारी कॉट सरकवू. काकूंना कारण सांगितलं, तर त्यांनीच चहा टाकला आणि म्हणाल्या, त्या बैठका मलाही दाखव.

ओट्यावरचे जोर करून पाहिले. कडाप्पा हाताला घसरतो, ओलं फडकं पिळून पसरलं तेव्हा कुठे जमलं.

दोन शंका. सासूबाई कॉटवर बसून माझ्याकडे बघत असतात, त्यांनाही काही करता येईल का? आणि साधनाचं कोणीच बोललं नाही.

मणका_सरळ_ठेवा

सासूबाईंचं त्यांच्या सर्जनने किंवा तिथल्या फिजिओने दिलेलं वेळापत्रक असेल, तेच करायचं. खुब्याच्या काही ऑपरेशनांनंतर किती वाकायचं, पाय कसे ठेवायचे याची बंधनं असतात, त्यामुळे इथे वाचून काही सुरू करू नका. तो कागद शोधा, घोट्याचे व्यायाम त्यात बहुधा असतील. तुम्ही करता तेव्हाच त्यांनाही करायला लावा.

साधन एकच घ्या, रबरी बँड. लांब पट्टीवाला, मध्यम ताणाचा. पाचशेच्या आत येतो आणि खुंटीला टांगता येतो. घरच्या व्यायामात ढकलणं भरपूर होतं, ओढणं राहून जातं, आणि पोळ्या लाटणाऱ्या बायकांचे खांदे आधीच पुढे झुकलेले असतात. बँडने ओढण्याचं काम होतं. पाण्याच्या बाटल्यांनी वजनं होतील (एक लिटर म्हणजे एक किलो), पण ओढणं होणार नाही.

तुळईखालचा

बँड दाराला अडकवू नका. आपली दोन फळ्यांची दारं आणि आतली कडी त्या ताणाला भरवशाची नाही. खिडकीच्या गजाला बांधा, पण आधी गज दोन्ही हातांनी गदागदा हलवून पाहा. चौकट कुजली असेल तर गज हातात येतो.

जोरबैठक

आणि बँडला दर आठवड्याला भेगा पडल्यात का ते बघा. ताणलेला तुटला तर थेट तोंडावर येतो.