गॉलिवॉग : द्वेष मनात नव्हता, पण चेहऱ्याचं काय?

"आम्ही ती बाहुली कुशीत घेऊन झोपायचो, मनात कसलाही द्वेष नव्हता, मग आता ती वाईट कशी झाली?" गॉलिवॉग या इंग्लंडातल्या जुन्या, काळ्या चेहऱ्याच्या कापडी बाहुलीचा विषय निघाला की हे हमखास येतं. द्वेष नव्हता, मान्यच. पण प्रश्न मुलाच्या मनाचा नाहीच, त्या चेहऱ्याचा आहे. काळाकुळकुळीत रंग, वटारलेले डोळे, जाड लाल ओठ, पिंजारलेले केस. अमेरिकेतल्या मिन्स्ट्रेल खेळांत गोरे नट तोंडाला काळं फासून कृष्णवर्णीयांची टवाळी करायचे, तिथलं हे सोंग. चित्रकार फ्लॉरेन्स अप्टनने १८९५ साली ते मुलांच्या पुस्तकात आणलं (तिचा गॉलिवॉग स्वभावाने सज्जन, हेही खरं) आणि खेळणीवाल्यांनी उचललं.

त्याच काळातले अमेरिकेतले लोखंडी गल्ले बघा. काळ्या माणसाचा अर्धपुतळा. तळहातावर नाणं ठेवून खटका दाबला की हात तोंडाशी जातो, नाणं गडप, आणि डोळे गरकन फिरतात. यंत्र म्हणून झकास! पण हसायचं कशाला, तर बावळट, अधाशी काळ्या माणसाला. शाळेत अशा चेहऱ्यांवरून चिडवली गेलेली काळी मुलंही तेव्हा लहानच होती, त्यांच्या आठवणी कुणी विचारत नाही.

माळ्यावरची जुनी बाहुली जाळून टाका असं मी म्हणणार नाही. मिशिगनच्या फेरिस स्टेट विद्यापीठातलं जिम क्रो संग्रहालय (जिम क्रो म्हणजे अमेरिकेतल्या वर्णभेदाच्या कायद्यांना पडलेलं नाव) अशा वस्तू मुद्दाम जपतं, पण त्यांच्या इतिहासासकट. नव्याने बनवून विकायला आणि पुन्हा लहानग्यांच्या हातात द्यायला मात्र माझा साफ विरोध आहे.