मदत हवी आहे: ई. कोलाय चिकटतच नाहीत!

निळी_शाई: प्रोजेक्ट अडकलाय. ई. कोलाय जिवाणूंच्या टाइप १ फिंब्री (अंगावरचे केसांसारखे धागे) रक्तातल्या लाल पेशींना धरतात आणि गुठळ्या होतात, एवढंच दाखवायचंय. चार वेळा केलं. स्लाइडवर नुसतं गुलाबी पाणी. मॅनोज (ही पकड सोडवणारी साखर) घातलं तरी तेच, नाही घातलं तरी तेच. सोमवारी गाइडना दाखवायचंय. जिवाणूंचा स्ट्रेन (वाण) बदलू का? लवकर सांगा.

पेट्रीतली_बुरशी: लाल पेशी कुणाच्या? जिवाणू कशात वाढवले, किती वेळ?

निळी_शाई: नेहमीसारखंच हो. ब्रॉथमध्ये (पोषक द्रवात) रात्रभर. पेशी गिनी पिगच्या.

पेट्रीतली_बुरशी: शेकरवर?

निळी_शाई: अर्थात. नाहीतर वाढणार कसे?

पेट्रीतली_बुरशी: तिथेच गेलं. फिंब्रीच्या जनुकांपुढे डीएनएचा ३१४ बेसचा (अक्षरांचा) एक तुकडा असतो, तो उलटसुलट फिरतो. एका दिशेला असला तर फिंब्री येतात, दुसऱ्या दिशेला असला तर जिवाणू बोडका. शेकरवर बोडकेच जास्त मिळतात. ३७ अंशांना ४८ तास न हलवता ठेव. वर पातळ साय धरेल, तिच्यातले घेऊन ताज्या ब्रॉथमध्ये पुन्हा ४८ तास. स्ट्रेनला हात लावू नकोस.

खटपट्या: एवढा उपद्व्याप कशाला? स्लाइड हलवली होतीस का?

निळी_शाई: नाही. गुठळ्या सुटतील म्हणून पाच मिनिटं टेबलावर तशीच ठेवली.

खटपट्या: उलटं केलंस! फिंब्रीच्या टोकावरचं फिमएच प्रथिन ताण पडला की पेशींवरच्या मॅनोजला जास्त घट्ट धरतं. २००२ मध्ये गिनी पिगच्याच पेशींवर हे दाखवलंय: डोलवलं की गुठळ्या, थांबवलं की सैल. लघवीच्या धारेत टिकायचं तर पकड अशीच हवी ना.

पेट्रीतली_बुरशी: फिंब्रीच नसतील तर डोलवून काय हाती लागणार?

खटपट्या: आणि असतील तर? दोन मिनिटांचा उपाय आधी, चार दिवसांचा नंतर.

मोरपीस: मला लघवीचा संसर्ग सारखा होतो. मॅनोजची पावडर घेतली तर जंतू सुटतील का?

पेट्रीतली_बुरशी: स्लाइडवर सुटतात. शरीरात तितकं सोपं नाही. ब्रिटनमध्ये असा संसर्ग वारंवार होणाऱ्या ५९८ स्त्रियांवरची चाचणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. रोज २ ग्रॅम, सहा महिने. फायदा दिसला नाही. डॉक्टरांना दाखवा.

मोरपीस: माझ्या बहिणीला तर चांगला गुण आला.

खटपट्या: मोरपीसताई, वेगळा धागा काढा ना, प्लीज.

जुना_सूक्ष्मदर्शी: मुलांनो, खरी गंमत जुलाब करणाऱ्या ई. कोलायची. तो आतड्याच्या पेशीत टिर नावाचं स्वतःचंच प्रथिन सुईसारख्या नळीतून टोचतो. ते पेशीच्या पृष्ठभागावर येऊन बसलं की इंटिमिन नावाच्या आपल्या दुसऱ्या प्रथिनाने त्यालाच धरतो. दुसऱ्याच्या भिंतीत आपली खुंटी ठोकायची आणि तिलाच लटकायचं!

निळी_शाई: काका, भारी आहे, पण माझ्या गुठळ्यांचं काय?

शब्दवेल्हाळ: 'चिकटणे' काय? 'आसंजन' असा सुंदर शब्द आहे.

खटपट्या: तुमचं आसंजन स्लाइडवर दाखवा, मग बोलू.

निळी_शाई: जुनंच कल्चर घेऊन स्लाइड डोलवली. मनगट दुखायला लागलं. काही नाही.

पेट्रीतली_बुरशी: 😌

निळी_शाई: अपडेट. सोमवार हुकला, बोलणी खाल्ली. पण दुसऱ्या फेरीच्या सायीतले जिवाणू घेतले. आधी स्लाइड तशीच ठेवली तर जेमतेम चार ठिपके. डोलवायला लागले आणि अर्ध्या मिनिटात विटकरी रवा पडावा तशा गुठळ्या! शेजारच्या मॅनोजवाल्या थेंबात सगळं गुळगुळीत.

खटपट्या: म्हणजे डोलवायला हवंच होतं.

पेट्रीतली_बुरशी: साय धरल्यावर!

निळी_शाई: दोघंही बरोबर, भांडू नका. आता गाइड विचारतायत, मॅनोजऐवजी ग्लुकोज घालून पाहिलंस का? म्हणजे कुठल्याही साखरेने सुटतात की मॅनोजनेच, ते कळेल. हे इथे कुणीच कसं सांगितलं नाही?

पेट्रीतली_बुरशी: विचारलं कुठे होतंस?