कोर्टाने वर्गात बसवलं म्हणून हात उगारणं थांबतं का?

मृण्मयी_पुणे (धागाकर्ती):
बायकोला मारहाण केल्याबद्दल दोषी ठरलेल्याला कॅलिफोर्नियात प्रोबेशन (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली सुटका) मिळालं, तर वर्षभर दर आठवड्याला दोन तास मारहाण सोडायला शिकवणाऱ्या वर्गात बसावंच लागतं. असलं काही इथेही आणा, अशी मागणी अधूनमधून होते. माझा विरोध. फ्लोरिडातल्या ब्रॉवर्ड काउंटीत ४०४ दोषी पुरुषांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. प्रोबेशन सगळ्यांना, २६ आठवड्यांचे वर्ग एकाच गटाला. पुन्हा अटक होण्याचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखंच. मग तो पैसा तिच्या निवाऱ्यावर का नाही घालायचा?

अ‍ॅड_सातारकर:
असहमत. अर्धंच सांगितलंत. त्याच अभ्यासात वर्गाला दांड्या मारणारे पुन्हा जास्त पकडले गेले. म्हणजे कोणावर नजर ठेवायची ते हजेरीवरून आधीच कळतं. हे काय कमी आहे?

मृण्मयी_पुणे:
मग गुण हजेरीचा, शिकवणीचा नाही! न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये दोन गटांना तास सारखेच, पण एका गटाला ते २६ आठवड्यांत दिले, दुसऱ्याचे ८ आठवड्यांत उरकले. तक्रारी कमी झाल्या त्या फक्त २६वाल्यांच्या. शिकून बदलले असते तर दुसऱ्या गटातही फरक दिसला असता. कोर्टाची टांगती तलवार होती तोवर गप्प बसले, एवढंच.

अ‍ॅड_सातारकर:
बसू देत की गप्प. सहा महिने मार चुकला तर तिला तेवढ्यात नोकरी, खोली, वकील बघता येतो.

रोखठोक:
आपल्याकडे कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम १४ खाली समुपदेशनाला पाठवतात ते केस चालू असतानाच. दोष सिद्ध व्हायच्या आधी उपचार कसले?

नाव_नको:
मी तालुक्याच्या गावी हेच काम करते. सामनेवाला आईला घेऊन येतो, हात जोडतो आणि सुरुवात ठरलेली: "मॅडम, ती उलट बोलली म्हणून." या कायद्याच्या २००६ च्या नियमांनुसार मारल्याचं समर्थन त्याला करूच द्यायचं नाही, पुन्हा मारणार नाही अशी हमी घ्यायची. हमीवर सही तो लगेच करतो. पण पुढची तारीख दोन महिन्यांच्या आत, आणि वरून एकच विचारणा: "मिटलं का?" ती नांदायला गेली की फाईल बंद. ह्याला उपचार म्हणू नका, ही तडजोड आहे.

अ‍ॅड_सातारकर:
@रोखठोक, मुद्दा बरोबर. म्हणून वर्ग त्याच कायद्याच्या कलम ३१ ला जोडा. संरक्षण आदेश, म्हणजे तिला त्रास देऊ नको हा कोर्टाचा हुकूम, मोडला की एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तिथे दोष सिद्ध झालेला असतो.

नाव_नको:
जोडा. पण आठवड्याला तिला वेगळा फोन करून "मारलं का?" हे विचारणारं माणूस आधी नेमा. वर्गात तो शहाण्यासारखाच बसतो. आमच्याकडे या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यांच्या गळ्यात इतर योजनांचीही कामं आहेत, फोन करायचा कोणी?