मदत हवी आहे: कॅप्चर हिस्टरी उलटी वाचली आणि चौथ्या हिवाळ्यात तरसं अचानक वाढली

नमस्कार मंडळी,

सासवडकडच्या माळरानावर आम्ही पाच हिवाळे तरसांसाठी कॅमेरा ट्रॅप लावले. अंगावरच्या पट्ट्यांवरून एकेक तरस ओळखता येतं. डाव्या-उजव्या कुशीवरचे पट्टे वेगळे असतात, म्हणून कॅमेरे समोरासमोर जोडीनं लावतो. आता पुण्यात बसून हिशेब चाललाय आणि एका जागी अडलंय.

जगण्याचं प्रमाण, म्हणजे फाय, सरळ क्रमानं निघालं. प्रत्येक तरसाची कॅप्चर हिस्टरी म्हणजे ते कोणत्या हिवाळ्यात दिसलं (१) आणि कोणत्या नाही (०) याची ओळ. नवी किती आली हे कळावं म्हणून संख्याशास्त्रज्ञ प्राडेल यांच्या १९९६ च्या पद्धतीनं काळ उलटा केला: ०१०११ चं ११०१०. सरळ वाचताना प्रश्न असतो, हे तरस पुढच्या हिवाळ्यापर्यंत टिकेल का? उलट वाचताना, हे गेल्या हिवाळ्यातही इथंच होतं का? या दुसऱ्या शक्यतेला गॅमा म्हणतात. फायला गॅमानं भागलं की वाढीचा दर.

चौथ्या हिवाळ्यात गॅमा एकदम घसरतो आणि दर एकच्या (एक म्हणजे संख्या स्थिर) बराच वर जातो. फाय फारसा हलत नाही. मला खटकतंय ते हे, की त्याच हिवाळ्यात आम्ही जेजुरीच्या बाजूला जादा कॅमेरे लावले होते.

अहवालात 'तरसं वाढली' असं लिहावं, असं सगळ्यांचं म्हणणं आहे. माझा हात धजत नाही. माळावर प्लॉटिंगच्या खुणा रोवल्या जाताहेत. खोटी वाढ छापली गेली तर या जनावरांचं नुकसान आपणच करू. चौथ्या वर्षी पहिल्यांदा दिसलेली तरसं वगळू का?

प्रतिसाद

तसं अजिबात करू नका. खरोखर नवी आलेलीही त्यात जातील आणि गॅमा खोटाच वर चढेल. वगळायचे ते नव्या जागांवरचे फोटो, जनावरं नव्हेत. फक्त जुन्या जागांवरून पाचही हिवाळ्यांच्या हिस्टऱ्या पुन्हा बांधा, मग त्या उलट्या करा. क्षेत्र वाढलं की तिथं आधीपासून राहणारं तरसही 'नवं' ठरतं.

शिवाय दर हिवाळ्याला गॅमा आणि दिसण्याची शक्यता दोन्ही वेगळ्या धरल्या असतील, तर दुसऱ्या हिवाळ्याचा गॅमा पहिल्या हिवाळ्यातल्या दिसण्याच्या शक्यतेपासून सुटा निघत नाही. तो आकडा अहवालात घेऊ नका. आणि नवं तरस इथं जन्मलं की बाहेरून आलं, हे गॅमा सांगत नाही, तेही स्पष्ट लिहा.

धागाकर्ता

मनापासून आभार. आज रात्रीच बसतो. एकच शंका: तिसऱ्या वर्षानंतर कॅमेऱ्यांची एक जुनी जोडी चोरीला गेली, बदली जोडी ओढ्यापलीकडे लावली. ती जागा जुनी धरू की नवी?