मांडवीला तंबू: वाळूच्या उंचवट्याच्या समुद्राकडे की गावाकडे?

तापीकाठ, भुसावळ
डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडचे बरेच जण कच्छच्या मांडवीला जातात, भुजहून पुढे साठेक किलोमीटर. समुद्रावरून वारा येतो म्हणून उंचवट्याच्या गावाकडच्या अंगाला तंबू ठोकतात. दुपारी ते बरोबरही वाटतं. पण हा किनारा दक्षिणेकडे तोंड करून आहे. दिवस मावळला की जमीन समुद्राआधी गार पडते आणि उत्तर-ईशान्येचा कोरडा वारा जमिनीवरून पाण्याकडे सुटतो, तो पार सकाळपर्यंत. झोपायचं रात्री आहे. म्हणून तंबू उंचवट्याच्या समुद्राकडेच हवा, दार आग्नेयेला. सकाळचं ऊनही थेट आत येतं.

बागवान, रावेर
दिशा मान्य, जागा नाही भो. उंचवट्याच्या ऐन पायथ्याशी वारा थांबत नाही. माथ्यावरून सुटून तो मागे भोवऱ्यासारखा उलटा फिरतो आणि उचललेली वाळू तिथंच टाकतो. सकाळी तंबूची एक बाजू दबलेली आणि चेनचा रनर वाळूनं अडकलेला. केळीच्या बागेला आपण भिंत घालतो का? कडेनं शेवरीची झाडं लावतो, कारण थोडा वारा गाळून जाऊ दिला की उरलेल्याचा जोर मोडतो. इथंही तेच करा: ५० टक्क्यांची शेडनेट, दीड मीटर उंच, सहा मीटर लांब. अडीच मीटरचे चार बांबू, पैकी एक मीटर वाळूत. तंबू नेटपासून पाच मीटरवर. उंचवटा शोधायची गरजच नाही.

तापीकाठ, भुसावळ
दादा, सहा मीटरच्या नेटमागे पाच मीटर फार झालं. वारा दोन्ही टोकांवरून आत वळतो, शांत पट्टा मागे निमुळता होत जातो. बागेला चारही बाजूंनी शेवरी असते, इथं एकच पट्टी आहे. तंबू अडीच मीटरवर घ्या आणि नेट काटकोनात लावा, एक अंग उत्तरेला, एक पूर्वेला. पायथ्याच्या भोवऱ्याचं मात्र खरं आहे, तिथून चार पावलं पुढे सरकावं.

माळरान, धुळे
खुंट्यांचं कोणीच बोललं नाही, आणि तंबू उडतो तो तिथंच. तंबूसोबत येणारी वीतभर खुंटी कोरड्या वाळूत धरत नाही. खताच्या रिकाम्या गोणीत १०-१२ किलो वाळू भरा, गोणीच्या मधोमध तंबूची दोरी बांधा, अर्धा मीटर खोल आडवी पुरा आणि वरची वाळू पाणी टाकून तुडवा. दोरी लांब, तिरकी जाऊ द्या; उभी ताणली की गोणी वर निघते.
जागेबद्दल विचाराल तर नेटही नको. गांडो बावळच्या, म्हणजे आपल्या वेड्या बाभळीच्या विरळ झुडपांमागे आयता झिरपता आडोसा मिळतो.

बागवान, रावेर
आडोसा मिळतो, पण वाळलेले काटे वाळूत लपलेले असतात, हवेची गादी पहिल्याच रात्री बसते. फुरसंही अशाच झुडपांच्या बुडाशी असतं. तिथं राहायचंच तर झुडपांपासून तीन मीटर लांब, खाली जाड ताडपत्री आणि बूट आत.
तापीकाठ, तुमच्या जागेला भरतीचं काय?

तापीकाठ, भुसावळ
पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाणी नेहमीपेक्षा वर येतं. वाळलेल्या शेवाळाची सगळ्यात वरची रेषा पाहायची आणि तिच्या वर, उंचवट्याच्या बाजूला राहायचं. रेषा आणि उंचवटा यांत दहा पावलंही नसतील तर ती जागा सोडायची. मर्यादवेल दिसली तर तिच्यावर तंबू नको, वाळू तिनंच धरलेली असते. दोन उंचवट्यांमधला खळगाही नको. वारा पडलेल्या रात्री गार हवा तिथं साचते आणि पहाटे तंबू दवानं ओला होतो.

माळरान, धुळे
काठीला गुडघ्याच्या उंचीवर रिबन बांधा. संध्याकाळी पाचला बघा आणि रात्री नऊला पुन्हा बघा. नऊची दिशा धरा, नेट त्यानंतरच रोवा.